परसातील शेड, गाडीचे छप्पर आणि अंगणातील मांडव : गोव्यात परवानगी केव्हा लागते?

घर बांधताना परवान्याची आठवण प्रत्येकाला असते. घर उभे राहिल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्याभोवती जे वाढत जाते, त्याच्या परवान्याची आठवण मात्र बहुधा नोटीस हाती पडल्यावरच होते. गाडी घेतली म्हणून दारापुढे पत्र्याचे छप्पर चढते. नारळ, लाकूडफाटा आणि जुने सामान ठेवण्यासाठी परसात शेड उभी राहते. पावसाची झड भिंतीवर येते म्हणून पडवीचे छत दीड मीटर पुढे सरकते आणि गणेशचतुर्थीसाठी उभारलेला मांडव चतुर्थीनंतरही तसाच राहतो. यांपैकी काहीही करताना आपण ‘बांधकाम’ करीत आहोत असे घरमालकाला वाटत नाही. गवंड्याला किंवा वेल्डिंग करणाऱ्या कारागिरालाही ते वाटत नाही. कायद्याला मात्र वाटते.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्यांलगतच्या आणि इतरत्र झालेल्या बेकायदा बांधकामांची स्वेच्छा दखल घेऊन स्थानिक संस्थांना कारवाईचे निर्देश दिले. तेव्हापासून हा प्रश्न गाड्यांच्या छपरापर्यंत आणि घरामागच्या शेडपर्यंत येऊन पोचला आहे. न्यायालयासमोर मुख्यतः व्यापारी आणि मोठी बांधकामे होती. पण पंचायतीकडे तक्रार जाते तेव्हा ती पुष्कळदा शेजाऱ्यानेच केलेली असते आणि तिचा विषय हमखास हद्दीला टेकलेले छप्पर हा असतो.

कायद्याच्या लेखी ‘इमारत’ म्हणजे काय?

पहिला गैरसमज इथलाच आहे. सिमेंट-चिऱ्याचे असेल तरच बांधकाम, पत्र्याचे किंवा लाकडाचे असेल तर नाही, ही समजूत गोव्यात फार रुजलेली आहे. गोवा नगरपालिका कायदा, १९६८ मधील इमारतीची व्याख्या तिला आधार देत नाही. घर, बाहेरचे घर, शेड, झोपडी किंवा अन्य कोणतेही आवार वा रचना या व्याख्येत येते, मग ती चिऱ्याची, विटांची, लाकडाची, मातीची वा धातूची असो आणि तीत माणसे राहत असोत वा नसोत. पडवी, कायमचे ओटे, जोते, पायऱ्या आणि भिंतीही त्यातच मोडतात.

नगर व ग्रामनियोजन कायदा, १९७४ आणखी एक पाऊल पुढे जातो. या कायद्यात ‘विकास’ म्हणजे जमिनीत, जमिनीवर, जमिनीच्या वर वा खाली केलेले बांधकाम किंवा अभियांत्रिकीचे काम. जमिनीच्या अथवा इमारतीच्या वापरात केलेला ठळक बदलही विकासच ठरतो. म्हणून गाडीसाठी परवानगी घेतलेल्या छपराखाली पुढे किराणा दुकान सुरू झाले, तर एक खांबही न हलवता नवा प्रश्न उभा राहतो.

‘नटबोल्टने जोडलेले आहे, केव्हाही काढता येते’ हा युक्तिवाद नोटिशीच्या उत्तरात नेहमी वाचायला मिळतो. तो अगदीच निरर्थक नाही. रचना जमिनीत रोवलेली आहे की नुसती ठेवलेली आहे, ती किती काळ उभी आहे आणि कशासाठी वापरली जाते, हे पाहिले जाते. पण पाया खोदून काँक्रीटमध्ये खांब रोवलेले, विजेची जोडणी घेतलेले आणि तीन पावसाळे पाहिलेले छप्पर केवळ नटबोल्टमुळे तात्पुरते ठरत नाही. घडीची छत्री, दोन झाडांना बांधलेली ताडपत्री, कुंड्यांवर ताणलेली हिरवी जाळी या गोष्टी वेगळ्या. त्यांसाठी कोणी पंचायतीत अर्ज नेत नाही आणि कोणी मागतही नाही.

अर्ज कोणाकडे?

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या हद्दीत कोणतीही इमारत उभारणे, वाढवणे, तीत बदल करणे वा ती पुन्हा बांधणे यांसाठी गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या ६६ व्या कलमाखाली पंचायतीची लेखी परवानगी लागते. सरपंचांनी तोंडी ‘कर’ म्हटले, प्रभागाच्या पंच सदस्याने मान डोलावली किंवा सचिवांनी अर्जाची पोच दिली, तरी त्यांतले काहीच परवानगी ठरत नाही. पोचपावतीला परवाना समजून काम सुरू करणे ही सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक असावी.

नगरपालिका क्षेत्रात १९६८ च्या कायद्याचे १८४ वे कलम लागू होते. पणजी शहरासाठी २००२ चा स्वतंत्र महानगरपालिका कायदा आहे.

स्थानिक संस्थेच्या परवान्याआधी नियोजनाची एक पायरी असते. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा आणि मुरगाव यांसारख्या नियोजन क्षेत्रांत १९७४ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली संबंधित नियोजन व विकास प्राधिकरणाकडून विकास परवानगी घ्यावी लागते. उर्वरित भागात नगर व ग्रामनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयाकडून तांत्रिक मान्यता घेतात आणि त्यानंतर पंचायत परवाना देते. दोन्हीकडे नियमांचे पुस्तक एकच आहे : २००८ च्या कायद्याखालील गोवा जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली, २०१०. ही नियमावली वेळोवेळी दुरुस्त झालेली आहे. त्यामुळे शेजाऱ्याला २०१२ मध्ये मिळालेल्या परवान्यातील मापे आज तशीच्या तशी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे गोमंतकीयांच्या परिचयाची आहेत : एक-चौदाचा उतारा, भूमापन खात्याचा नकाशा, मालकीचा दस्त, नोंदणीकृत अभियंत्याने वा वास्तुरचनाकाराने काढलेला आराखडा आणि मूळ घराचा परवाना. शेवटचा कागद साधा वाटतो, पण गाडी अडते ती तिथेच. मूळ घराचा मंजूर आराखडा सापडत नसेल किंवा घरच आराखड्यापेक्षा वाढवलेले असेल, तर छपराचा अर्ज तपासायला आलेला अधिकारी छपराआधी घर मोजतो.

पंचायतीने अर्जावर तीस दिवसांत निर्णय दिला नाही, तर पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करता येते. त्यासाठी अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवावी. वर उल्लेखिलेल्या पोचेचा खरा उपयोग हा आहे.

जमीन कोणाची, आणि कशासाठीची?

नियमावलीतील मापांपेक्षा गोव्यात जमिनीच्या हक्काचा प्रश्न जास्त अडचणीचा ठरतो. इतर राज्यांत गाडीच्या छपराचा अर्ज म्हणजे चार मापांचा व्यवहार असतो. इथे त्याच अर्जातून आजोबांच्या काळापासून न झालेली वाटणी वर येते.

वडिलोपार्जित भाटातील घरांच्या उताऱ्यावर अनेकदा आठ-दहा नावे असतात. त्यांतली काही माणसे मुंबईत, काही लिस्बनमध्ये, तर काही हयातच नसतात. सहमालकांची संमती नसताना सामाईक जमिनीवर नवी रचना उभारली, तर पंचायतीकडे हरकत घेण्याचा मार्ग त्यांच्यापैकी कोणालाही मोकळा राहतो. ‘आमच्या दारापुढची जागा’ आणि ‘आमच्या वाट्याची जागा’ यांतला फरक वाटणीचा दस्त वा इन्व्हेंटरीचा निवाडा झाल्याशिवाय कागदावर येत नाही. विवाहित दांपत्याची मालमत्ता सामाईक मानणाऱ्या इथल्या नागरी कायद्यामुळे पती वा पत्नीचे नावही विसरून चालत नाही.

मुंडकारांची गोष्ट याहून निराळी. मुंडकार (निष्कासन संरक्षण) कायदा, १९७५ ने मुंडकाराच्या घराला आणि त्याच्या भोवतालच्या जागेला संरक्षण दिले. घराखालील व लगतची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला : पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र २०० चौरस मीटरपर्यंत. खरेदीची प्रक्रिया पूर्ण करून सनद हाती आली की तो मालक म्हणून अर्ज करतो. ती न झालेल्या घरासमोर नवे छप्पर उभारले की भाटकाराची तक्रार जवळपास ठरलेली. राहत्या घराची डागडुजी आणि नवी वाढीव रचना यांत कायदा भेद करतो. कौले बदलणे डागडुजीत येते, नवे खांब रोवणे येत नाही. ज्यांचे खरेदीचे अर्ज मामलेदार कार्यालयात अजून पडून आहेत, त्यांनी शेडचा खर्च करण्याआधी तो अर्ज हलवणे अधिक शहाणपणाचे.

कोमुनिदादच्या किंवा सरकारी जमिनीवर छप्पर टाकणे म्हणजे अतिक्रमण. घर तिथे चाळीस वर्षे असले आणि पंचायतीने घरपट्टी घेतली असली, तरी त्याने नव्या शेडला हक्क मिळत नाही. घरपट्टी हा कर आहे. त्याची पावती बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा होत नाही.

आता जमिनीच्या विभागाबद्दल. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये किंवा नियोजन क्षेत्राच्या बाह्यविकास आराखड्यात आपली जमीन वसाहतीच्या विभागात आहे की बागायतीच्या की भातशेतीच्या, हे दाखल्यावरून आधी पाहून घ्यावे. घर वसाहत विभागात आणि मागचे परस बागायत विभागात, असा एकाच सर्व्हे क्रमांकाचा दुभंग गोव्यात विरळा नाही. बिगरशेती वापरासाठी जमीन महसूल संहितेच्या ३२ व्या कलमाखालील सनद लागते, आणि सनद ठरावीक क्षेत्रापुरती असते. घराखालच्या २०० चौरस मीटरांची सनद असेल, तर शेड त्या दोनशेच्या आत बसते का, हे नकाशावर मोजून पाहावे लागते.

कूळकायद्याने कुळाच्या नावावर झालेल्या शेतजमिनीवर गोवा जमीन वापर (नियमन) कायदा, १९९१ शेतीखेरीज दुसऱ्या वापराला मज्जाव करतो. त्या जमिनीच्या कडेला गाडी ठेवण्यासाठी भराव टाकून पत्रा चढवणे म्हणजे एकाच वेळी दोन कायदे मोडणे. दुसरा कायदा म्हणजे १९७४ च्या नियोजन कायद्याचे १७-अ कलम. सखल जमीन भरण्यास आणि डोंगर-उतार कापण्यास त्याने पूर्वपरवानगीविना बंदी केली आहे. डोंगरकडेच्या गावांत परस सपाट करण्यासाठी जेसीबी लावला जातो तेव्हा शेडपेक्षा आधी या कलमाचा विचार करावा लागतो. कापलेल्या उताराखालीच छप्पर उभे राहणार असेल, तर कायद्याखेरीज जीवाचाही प्रश्न आहे. जांभ्याच्या उतारावरची माती जुलैमध्ये कशी सरकते ते सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतील लोकांना सांगायला नको.

बागायतीतील फार्महाऊससाठी नियमावलीत स्वतंत्र तरतूद आहे आणि तिथे किमान ४००० चौरस मीटर क्षेत्राची अट आहे. घरामागच्या तीन-चार माडांच्या जागेला ती लागू होत नाही.

हद्द, आच्छादन आणि राहिलेली जागा

भूखंडावर किती भाग झाकता येतो याला आच्छादन म्हणतात. निवासी विभागांत साधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा आढळते. उदाहरणादाखल, भूखंड ३०० चौरस मीटरांचा असेल, तर १२० चौरस मीटर झाकता येतील. घराने ११० घेतले असतील, तर उरतात १०. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते. तिच्यावर झड अडवणारे छप्पर तीन बाय साडेपाच मीटरांचे, म्हणजे साडेसोळा चौरस मीटरांचे होते. हिशेब तिथेच चुकतो.

बाजू मोकळ्या असलेले प्रत्येक छत या मोजणीतून आपोआप सुटते, असे समजू नये. पोर्च, सज्जा, पाण्याची टाकी, पहारेकऱ्याची खोली अशा काही घटकांना नियमावली अटींवर सूट देते. ती सूट मापाला, जागेला आणि बाजू उघड्या ठेवण्याला बांधलेली असते. तीन बाजूंनी उघडा पोर्च पुढच्या वर्षी जाळीने बंद केला आणि त्याच्या पुढच्या वर्षी सरकत्या काचा बसवल्या, की सूट संपते आणि ती खोली मोजली जाते. आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला ‘हे मोजले जाणार का?’ हा एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा.

हद्दीपासून सोडावयाचे अंतर हा भांडणाचा दुसरा विषय. घराभोवतीची मोकळी पट्टी हवा, उजेड, गटार आणि आगीच्या वेळी आत येणारा माणूस यांच्यासाठी असते. दोन्ही शेजाऱ्यांनी आपापली पट्टी छपरांनी भरली की मध्ये राहतो तो मीटरभर अंधार, आणि त्यात साठलेले पाणी. रस्त्याकडचे अंतर मोजताना आजचा डांबरी रस्ता धरून भागत नाही. आराखड्यात रुंदीकरण दाखवलेले असेल, तर अंतर त्या भावी रेषेपासून मोजले जाते. दारापुढचा पत्रा नेमका याच पट्टीत येतो.

गृहनिर्माण सोसायट्यांत प्रश्न थोडा वेगळा असतो. आवारातील उघड्या पार्किंगवर छप्पर घालायचा ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने केला, तरी तो मंजूर आराखड्याच्या वरचढ ठरत नाही. सुधारित आराखडा मंजूर करून घ्यावाच लागतो.

किनारा, खाजन आणि जुनी स्मारके

समुद्राच्या भरतीरेषेपासून आणि भरतीचे पाणी शिरणाऱ्या नद्या-खाड्यांच्या काठी पंचायतीचा परवाना पुरेसा होत नाही. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार तिसऱ्या वर्गातील, म्हणजे मुख्यतः ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. खाडी व नदीकाठी तो १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तितका. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठची कितीतरी गावे समुद्रापासून दूर असूनही या पट्ट्यात येतात, हे तिथल्या घरमालकांच्या ध्यानी नसते. अशा जागी गोवा किनारपट्टी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता आधी लागते.

याच अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत. मच्छीमारांसह स्थानिक समाजांच्या घरांच्या दुरुस्तीला व पुनर्बांधणीला मुभा आहे. सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या निव्वळ तात्पुरत्या, हंगामी रचनांनाही आहे. किनाऱ्यावरील शॅक याच आधारावर उभे राहतात आणि पावसाळ्याआधी उतरवले जातात. खाजन जमिनीत मात्र विकासकामाला मनाई आहे, वाळूच्या टेकड्यांवरही आहे. मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे कासवांच्या अंडी घालण्याचे किनारे म्हणून नोंदलेले आहेत.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटरांत परवानगीने करता येते. जुने गोवे, तांबडी सुर्ला, फोंड्याची साफा मशीद यांच्या परिसरातील घरांना हे अंतर छपरासाठीही पाहावे लागते.

वारा काय करतो?

परवान्याची कटकट वाटणाऱ्यांनी हा भाग तरी वाचावा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडांखालोखाल नुकसान झाले ते छपरांचे. उडालेला पत्रा ज्याच्या घरावरून उडतो त्याच्याच अंगणात पडतो असे नाही.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. प्रत्यक्ष आराखड्यात परिसर, उंची आणि रचनेचे अपेक्षित आयुष्य पाहून तो कमी-जास्त करतात. हा मूळ वेग धरला, तर दर चौरस मीटरवर वाऱ्याचा दाब सुमारे ९३ किलोग्रॅम भाराइतका येतो. पाच बाय सहा मीटरांच्या छपरावर तो पावणेतीन टनांहून थोडा अधिक होतो. छपराचा आकार आणि वाऱ्याची दिशा यांनुसार त्याचा लहानमोठा भाग छताला वर उचलतो. भिंती नसलेल्या छताखाली वारा मोकळा शिरतो आणि एका बाजूला गाडी वा भिंत असली, की तो आतच कोंडतो. म्हणून मानकातही अशा उघड्या छतांसाठी वेगळे कोष्टक आहे.

आता दुसऱ्या बाजूचे वजन पाहू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे तीस चौरस मीटर छत जेमतेम दीडशे किलो भरते. खांबाखाली ४५ बाय ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल काँक्रीट ओतले, तर एका खांबाखाली सुमारे २९० किलो, चार खांबांखाली ११७० किलो. उचलणारा दाब पूर्ण आला, तर सांगाड्याचे वजन धरूनही एवढे पुरत नाही. अर्धा आला तरी फारसे उरत नाही. कारागीर खांब जाड घेतो, कारण ग्राहकाला तो दिसतो. पाया मात्र एक फुटावर थांबतो, कारण तो मातीखाली जातो. खांबाची जाडी विचारण्याऐवजी पायाची खोली, तळपट्टीचे बोल्ट आणि पत्रा धरणाऱ्या स्क्रूंमधील अंतर विचारावे. समुद्रकाठी साधा रंगवलेला लोखंडी नळ जोडाशी आतून गंजतो. गरम जस्तात बुडवून काढलेले पोलाद महाग पडते, पण टिकते.

जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे घालणाऱ्यांसाठी एक सूचना : त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत, घासू नयेत आणि झाडूने त्यांची धूळ उडवू नये. ओले करून, अखंड उतरवून घ्यावेत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस धरला, तर तीस चौरस मीटरांच्या छपरावरून एका पावसाळ्यात ९० हजार लिटर पाणी उतरते. शंभर मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात ते तीन हजार लिटर असते. पन्हळ न बसवता उतार शेजाऱ्याच्या बाजूला दिला, तर हे सारे पाणी त्याच्या चिऱ्याच्या भिंतीच्या मुळाशी जाते. पंचायतीकडील तक्रारींची सुरुवात परवान्यापासून होत नाही, ती या पाण्यापासून होते. परवाना नसल्याचे नंतर उघड होते. पन्हळ आपल्या बाजूला, पाणी आपल्याच विहिरीकडे वा शोषखड्ड्याकडे, एवढे केले तरी निम्मी भांडणे उद्भवत नाहीत.

छप्पर उभारण्याआधी वर पाहावे. विद्युत सुरक्षेच्या नियमांनुसार घराला वीज देणाऱ्या कमी दाबाच्या उघड्या तारेपासून छतापर्यंत उभे अंतर किमान अडीच मीटर आणि आडवे १.२ मीटर हवे. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी उभे ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर, तर ३३ हजार व्होल्टसाठी आडवे अंतर दोन मीटर. तार हलवायची असेल, तर वीज खात्याकडे अर्ज करून ती आधी हलवून घ्यावी. लोखंडी नळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या कामगाराला हे अंतर कामाच्या पहिल्याच दिवशी लागते, छप्पर झाल्यावर नव्हे. वाटेत झाड येत असेल, तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

नोटीस आल्यास

नोटीस तीन प्रकारची असते : काम बंद करण्याची, कारणे दाखवण्याची आणि पाडण्याची. काम बंदची नोटीस आल्यावर ‘एवढा पत्रा तेवढा घालून टाकू’ म्हणणे सर्वांत महागात पडते. पुढच्या प्रत्येक सुनावणीत ते आधी वाचले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निवाड्यानुसार आधी कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय बांधकाम पाडता येत नाही आणि उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा १५ दिवस, यांपैकी जी मुदत जास्त असेल ती द्यावी लागते. म्हणणे ऐकून घेऊन कारणांसह आदेश काढावा लागतो. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत रचना आणि न्यायालयाच्या आदेशाने पाडावयाची बांधकामे यांना हे संरक्षण नाही. म्हणजे अंगणातल्या छपराच्या मालकाला वेळ मिळतो, पण गटारावर आणि रस्त्याच्या पट्टीवर खांब रोवणाऱ्याने तो मिळेल असे गृहीत धरू नये. पंचायत गप्प बसली, तरी विषय संपत नाही. पंचायत खात्याचे उपसंचालक हस्तक्षेप करू शकतात, आणि शेजारी थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतो.

उत्तर देताना मूळ परवाना, मंजूर आराखडा, सनद आणि शेडची प्रत्यक्ष मापे जोडावीत. रचना नियमांत बसत असेल, तर सुधारित आराखडा सादर करून ती नियमित करून घेण्याचा मार्ग आहे. हद्दीपासूनचे अंतर अर्ध्या मीटरने कमी पडत असेल, तर तेवढा भाग कापून उरलेला वाचवणे पुष्कळदा शक्य असते. अधिकाऱ्यापुढे हा प्रस्ताव स्वतःहून ठेवावा.

२०१६ च्या अनधिकृत बांधकामे नियमितीकरण कायद्याकडे बोट दाखवणारे अनेक जण भेटतात. त्या कायद्यासाठी बांधकाम २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीचे असावे लागते, आणि सीआरझेड, वनक्षेत्र, खाजन, ना-विकास विभाग, रस्त्याची जागा यांवरील बांधकामे त्यातून वगळलेली आहेत. त्यानंतर उभारलेल्या गाडीच्या छपराला किंवा परसातील शेडला त्या कायद्याचा आधार मिळत नाही.